भोपळ्यांना ‘या, बसा’

माझा स्वभाव तापट आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं कुणी नाक मुरडायला नको. फौजेत सिग्नलला होतो, हवालदार म्हणून सुटलो, औंधजवळचं गाव सोडून सांगलीत आलो आणि कॅमेऱ्याचं दुकान टाकलं. लोकांना वाटतं, कॅमेरे बसवणं म्हणजे भिंतीला भोकं पाडणं आणि वायरी ओढणं. आवं, ते कुणीही करील. कॅमेरा बसवायला दोन तास लागतात, त्याचा खोटारडेपणा घालवायला दोन महिने. पाचगणीच्या एका बंगल्यात माकडानं गॅलरीत शेपूट हलवलं की मालकाच्या फोनवर निरोप यायचा, ‘माणूस आढळला’. पलूसच्या द्राक्षबागेत तर मालकाच्याच जुन्या शर्टातल्या बुजगावण्यानं त्याला आठवडाभर सुखानं जेवू दिलं नाही. घास उचलला की फोन वाजायचा. मग तो मला फोन करायचा आणि मी कॅमेऱ्याला शिव्या घालत गाडीला किक मारायचो. बायको म्हणते, “तुमचं आन त्या कॅमेऱ्याचं एकच हाय. दोघंबी कशावरबी पेटता.”

पण ज्या कॅमेऱ्यानं मला खरोखर रडवलं तो मिरजेत होता, सतारी बनवणाऱ्यांच्या गल्लीत.

तिथं एक चाचा होते. पंचाहत्तरीच्या पुढचे, पांढरी दाढी, पांढरी टोपी, लुंगीवर कायम लाकडाचा भुसा. खालच्या मजल्यावर कारखाना, वरच्या मजल्यावर घर. कारखाना म्हणजे काय, एक लांबट खोली, तिचं तोंड सताड गल्लीत उघडं, पुढं एक दगडी पायरी. चाचा मागच्या भिंतीला टेकून दाराकडं तोंड करून बसायचे आणि जवारी लावायचे. सतारीच्या तारा ज्या चपट्या घोडीवरून जातात, तिचा माथा कानशीनं थोडाथोडा घासायचा, तार छेडायची, ऐकायचं, परत घासायचं. तारेचा आवाज असा खुलवण्याला जवारी लावणं म्हणतात. चाचांच्या हातची जवारी शोधत लांबलांबचे वाजवणारे त्या पायरीपर्यंत यायचे.

एक दिवस त्यांचा मला फोन आला. “हवालदार, एक कॅमेरा पायजे. दारात माणूस आला की माझ्या गुडघ्यापाशी घंटी वाजाय पायजे. निस्ता माणूस आला की. दुसऱ्या कशाला न्हाई.”

“चोरी झाली का चाचा?”

“व्हय,” ते म्हणाले. मग जरा थांबून, “म्हंजे, होऊ शकती.”

सतार काखेत मारून गल्लीतनं पळणारा चोर काही माझ्या डोळ्यांपुढं येईना. पण गिऱ्हाइकाला उलटं विचारायचं नसतं. मी गेलो, चाचांच्या डोक्यावर कोपऱ्यात कॅमेरा बसवला, त्यांच्या गुडघ्यापाशी डबीएवढा स्पीकर ठेवला. चित्रात खाली चाचांची टोपी दिसायची, समोर उंबरा आणि पायरी, त्याच्यापुढं गल्ली. मी दारातनं आत आलो, घंटी वाजली. चाचांनी मान वर केली आणि म्हणाले, “या, बसा.” मी म्हटलं, फत्ते.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन. “हवालदार, घंटी लय वाजती रं.”

गेलो. बघतो तर काय, दाराच्या डाव्या अंगाला बांबूला भोपळे टांगलेले. सतारीचा खालचा गोल भाग भोपळ्याचा असतो. भीमेकडनं गाडी भरून येतात, आणि महिनोन्‌महिने वाळत ठेवावे लागतात. सात-आठ मोठाले भोपळे वाऱ्यावर हळूहळू डुलत होते. माझ्या त्या गाढव कॅमेऱ्याला वाटत होतं, दारात टकल्या माणसांची रांग लागलीय. वारा आला की घंटी. थांबला आणि परत आला की परत घंटी.

“चाचा, भोपळे हलवा तिथनं.”

“भोपळं हलणार न्हाईत. वारं तिथंच लागतं. तू कॅमेरा हलीव.”

कॅमेरा हलवला तर उंबरा दिसेना. माझं डोकं फिरलं. म्हटलं, “आवं चाचा, येवढी काय घाई हाय तुमाला माणूस कळायची? समोर तर बसलाय. मान वर करा आन बघा की!” चाचांनी कानस खाली ठेवली, परत उचलली. मी पाय आपटत समोरच्या टपरीवर चहा प्यायला गेलो.

आणि तिथनं मला ते दिसलं. वाऱ्याची झुळूक आली, भोपळे हलले, घंटी वाजली. चाचांनी मान वर केली, तोंडभर हसले आणि रिकाम्या दाराला म्हणाले, “या, बसा. चा घेणार?” थोडा वेळ उत्तराची वाट बघितली. मग चेहरा पडला आणि मान खाली गेली. टपरीवरची दोन पोरं फिदीफिदी हसली. मीही हसलो, खोटं कशाला बोलू. ग्लास तोंडाला लावला आणि मग माझ्या टाळक्यात प्रकाश पडला. चहा तसाच ठेवून मी परत गेलो, त्यांच्यापुढं उकिडवा बसलो आणि काही न बोलता हाताची पाच बोटं त्यांच्या डोळ्यांपुढं धरली. चाचा माझ्या खांद्यापलीकडं बघत राहिले.

“चाचा, कवापासनं?”

“दोन सालं झाली,” ते हळूच म्हणाले. “डॉक्टर म्हनला डोळ्यामागची नस सुकलीया, आता यायची न्हाई. उजेड कळतो. माणूस कळत न्हाई. वर लेकीला ठावं हाय, आन आता तुला.”

म्हणजे चोराचा काही संबंधच नव्हता. जवारी लावताना त्यांचे कान तारेत इतके शिरलेले असायचे की शेजारी हत्ती आला तरी कळलं नसतं. दारात आलेल्या माणसाला ‘या’ म्हणता यावं म्हणून ती घंटी. एकदा ‘या’ म्हटलं की माणूस बोलतो, आणि बोलला की तो कोण हे चाचांना आवाजावरनं कळायचं. काम तर ते पहिल्यापासनं बोटांनी आणि कानांनीच करायचे. मशिदीपर्यंतची पावलं पाठ होती. आजवर कुणाला पत्ता लागला नव्हता.

“लोकांना कळलं तर म्हनतील, आंधळा काय जवारी लावणार,” चाचा म्हणाले. “एक दिवस कोण यायचं न्हाई. जातील तिकडं, त्या बादलीवाल्याकडं. हवालदार, ही घंटी खोटी वाजली तर माझं सगळं उघडं पडतंय. तेवढं बघ.”

बादलीवाला म्हणजे त्यांचा सख्खा धाकटा भाऊ. गल्लीच्या दुसऱ्या टोकाला त्याचं दुकान. दोघं एकाच बापाच्या मांडीवर बसून हा धंदा शिकले. मग भोपळे चांगले मिळेनात म्हणून धाकट्यानं फायबरची भांडी करून सतारीला लावायला सुरुवात केली. थोरला भर गल्लीत, चार गिऱ्हाइकांपुढं म्हणाला, “ही सतार न्हाई. ही बादली हाय.” झालं. त्याला अकरा वर्षं झाली होती. तेव्हापासनं धाकट्यानं भावाच्या दारात पाय टाकला नव्हता आणि थोरल्यानं त्याचं नाव घेतलं नव्हतं. सगळ्या गल्लीला हे ठाऊक, लग्नाच्या पत्रिकासुद्धा दोघांना वेगवेगळ्या वेळी नेऊन द्यायचे.

तर मी कामाला लागलो. इतकं जीव लावून मी फौजेतसुद्धा काम केलं नसेल. आधी कॅमेऱ्याचा तिखटपणा कमी केला. पुस्तकात त्याला सेन्सिटिव्हिटी म्हणतात, पण तिखटपणा म्हटलं की गिऱ्हाइकाला लगेच कळतं. कमी केला तर भोपळे गप्प झाले, पण डाकवालाही गप्प झाला. परत वाढवला. मग चित्रात भोपळ्यांभोवती चौकट आखली आणि कॅमेऱ्याला बजावलं, या चौकटीत काय वाट्टेल ते हलू दे, तू तोंड उघडायचं नाही. भोपळे सुटले तर मांजर आलं. चाचांचा एक बोका दिवसातनं वीसदा आतबाहेर करायचा, आणि चाचा त्याला वीसदा चहा विचारायचे. म्हणून खाली एक आडवी रेघ मारली, रेघेच्या वर ज्याचं डोकं येईल तोच माणूस. मग चारच्या सुमाराला समोरच्या घरावरच्या वाळत घातलेल्या साड्यांची सावली उंबऱ्यावर नाचायची, तिचा बंदोबस्त केला. आठवड्यातनं तीनदा मिरज. बायको म्हणाली, “त्या म्हाताऱ्यानं तुमाला दत्तक घेतलंय का?”

शेवटी एक दिवस मी स्वतः परीक्षा घेतली. दारातनं आत, बाहेर, आत, बाहेर, बारा वेळा, परेडसारखा. बाराही वेळा घंटी वाजली आणि मध्ये एकदाही खोटी वाजली नाही. चाचा प्रत्येक वेळी “या, बसा” म्हणत होते आणि हसून हसून त्यांना ठसका लागला. “आरं बस की आता गड्या, पाय तुटतील तुझं!” असे खळखळून हसताना मी त्यांना पहिल्यांदा बघितलं. त्या दिवशी मला त्या म्हाताऱ्याची अशी काही माया लागली की सांगता येत नाही.

पुढचे तीन आठवडे सगळं झकास. गिऱ्हाईक पायरीवर आलं की टोपी वर व्हायची, “या, बसा”. एक सातारचा सतारवादक मला म्हणाला, “या वयात काय नजर आहे हो यांची!” मी आपला मिशीतल्या मिशीत हसलो. वाटलं, आपल्यासारखा कारागीर आपणच.

माझी एक सवय आहे, फौजेतली. काम झालं की महिन्याभरानं आधीचं सगळं चित्रण काढून बघायचं. घंटी खोटी किती वाजली हे गिऱ्हाईक सांगतं, पण वाजायला हवी होती आणि वाजली नाही, हे कोण सांगणार? ते आपल्यालाच शोधावं लागतं. तसा मी दुकानात भर दुपारी डबा खात बघत बसलो होतो, चित्र भराभर पुढं पळवत. एका गुरुवारच्या दुपारी थांबलो.

गल्लीतनं एक म्हातारा आला. कमरेतनं पार वाकलेला. हातात फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी, हातभर लांबीचं. पायरीपाशी थांबला, चपला काढल्या आणि डावीकडं, भोपळ्यांच्या खाली पायरीवर बसला. तो माझ्या चौकटीत होता. डोकं माझ्या रेघेच्या खाली होतं. घंटी वाजली नाही.

तो तसाच बसून राहिला. थोड्या वेळानं हात वर करून एक भोपळा चाचपला, त्यावर टिचकी मारली. दुसऱ्यावर मारली. तिसऱ्यावर मारून कान जवळ नेला आणि त्याला तो भोपळा पसंत पडल्याचं दिसलं, कारण त्यानं मान डोलावली. मग त्यानं आत बघितलं आणि मी ओळखलं, हा चाचांचा धाकटा भाऊ. नेमकी तेव्हाच चाचांची टोपी वर झाली. सरळ त्याच्याकडं. दोघं समोरासमोर, मध्ये आठ हातांचं अंतर. धाकट्याचं तोंड किंचित उघडलं. आणि टोपी परत खाली गेली, कानस चालू झाली. चाचांनी तार ऐकण्यासाठी मान वर केली होती, एवढंच.

आमच्याकडं दारात आलेल्याला ‘या’ म्हणतात. कोर्टात भांडणारा भावकीतला असला तरी म्हणतात. तोंडाकडं बघून ‘या’ न म्हणणं म्हणजे थोबाडीत मारणं. तो अकरा वर्षांनी आला होता, आणि चित्रातल्या घड्याळाप्रमाणं तेवीस मिनिटं पायरीवर बसला होता. मग पायरीला हात टेकत उठला, फडक्यातलं जे होतं ते काखेत धरलं, चपला घातल्या आणि गेला.

एरवी मी कॅमेऱ्याला शिव्या दिल्या असत्या. पण कॅमेऱ्यानं मी सांगितलं तेच केलं होतं. चौकट माझी, रेघ माझी. मी डबा तसाच झाकला आणि मिरजेची वाट धरली. वाटेत दोनदा वाटलं, गप बसावं. सांगून काय होणार, म्हाताऱ्याच्या जिवाला घोर. रस्त्याच्या कडेला गाडी थांबवून उभासुद्धा राहिलो. पण माझ्याच्यानं गप बसवलं नाही.

चाचांपुढं बसलो आणि सगळं सांगितलं. ते तार छेडत होते, तिच्यावर हात ठेवून त्यांनी ती गप्प केली.

“किती येळ बसला?”

“तेवीस मिनिटं.”

“भोपळ्यावर टिचकी मारली?”

“व्हय. तिसरा पसंत केला.”

“तिसराच चांगला हाय,” चाचा म्हणाले. “आन मी वर बघितलं?”

“बघितलंत चाचा. सरळ त्यांच्याकडं. चूक माझी हाय. मीच ती रेघ...”

“तुझी कसली चूक. तू मी सांगितलं ते केलंस.” त्यांनी कानस खाली ठेवली. “मी भोपळ्याला ‘या’ म्हटलं तर भोपळ्याला राग येत न्हाई, हवालदार. मांजराला येत न्हाई. चार पोरं हसत्यात, हसू देत. पण माझा भाऊ दारात बसून उठून गेला. काढ त्या रेघा. सगळ्या काढ.”

मी तिथल्या तिथं काढल्या. लगेच भोपळे हलले आणि घंटी वाजली. चाचा सवयीनं म्हणाले, “या, बसा.” आणि उठून उभे राहिले. “आता मला तिकडं ने.”

मला वाटलं ते माझा दंड धरतील, मित्र धरतो तसा. म्हणजे गल्लीला काही कळणार नाही. पण त्यांनी मला पुढं उभं केलं आणि उजवा हात माझ्या खांद्यावर टाकला, आंधळा माणूस टाकतो तसाच. मी म्हटलं, “चाचा, सगळे बघत्यात.” ते म्हणाले, “बघू देत की. चल.”

भर दुपारी चार वाजता आम्ही ती गल्ली चाललो. टपरीवरची पोरं गप्प झाली. रंधा मारणाऱ्यांचे हात थांबले. एक म्हातारी दारातनं उठून उभी राहिली. दोन वर्षं जिवापाड झाकलेली गोष्ट चाचांनी दोनशे पावलांत सगळ्यांपुढं मांडली, आणि मी पुढं मान ताठ करून चालत होतो, कारण डोळ्यांत पाणी आलेलं कुणाला दिसू नये असं मला वाटत होतं.

धाकट्याच्या दुकानात तो घासकाम करत बसला होता. आम्हाला बघितलं, पण ‘या’ म्हणाला नाही. बरोबरच होतं त्याचं. दाराशी उजव्या हाताला फायबरची भांडी टांगलेली, पांढरीशुभ्र. त्याच्यामागं फळीवर तेच फडकं, आता सोडलेलं, आणि त्यात सतारीच्या दोन कोऱ्या, जवारी न लावलेल्या घोड्या आणि एक जुनी कानस. दोन्ही भावांच्या बापाची ती कानस गल्लीत सगळ्यांना ठाऊक होती. मी बोलायला तोंड उघडलं तर चाचांनी खांदा दाबला.

पुढचं ते त्यांच्या घरच्या बोलीत बोलले. मी माझ्या बोलीत सांगतो.

“छोटे,” चाचा म्हणाले, “गुरुवारी तू आलतास. मला दिसलं न्हाई. मला आता कायच दिसत न्हाई.”

घासण्याचा आवाज थांबला. चाचांनी दोन्ही हात पुढं केले आणि थांबलेल्या आवाजाचा अंदाज घेत चेहरा उजवीकडं वळवला, त्या टांगलेल्या पांढऱ्या भांड्याकडं. त्याच्याकडं बघून, अगदी अजिजीनं म्हणाले, “रागावलायस व्हय? बोल की रं. अकरा वर्सं झाली, काय तरी बोल.”

धाकटा उठला. वाकलेला तसाच, पाटाला, खांबाला धरत आला. भावाचे ते पुढं केलेले हात त्यानं धरले, आपल्याकडं वळवले आणि स्वतःच्या गालांवर ठेवले. त्याच्या दाढीतनं पाणी गळत होतं.

“इकडं हाय मी, भाई,” तो म्हणाला. “ती बादली हाय.”